अमेरिकी राज्यघटना नेमके कोणाचे हात बांधते?

अमेरिकेत एखाद्याचे फेसबुक किंवा एक्सवरचे खाते कंपनीने बंद केले की, हा आपल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, अशी तक्रार हमखास ऐकू येते. आणि न्यायालयात ती बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर अडखळते. कारण साधे आहे. १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आलेली पहिली घटनादुरुस्ती सुरू होते तीच मुळी ‘काँग्रेस’पासून, म्हणजे तिथल्या संसदेपासून. भाषणाच्या किंवा वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा संसदेने करू नये, असे ती बजावते. पुढे विसाव्या शतकात न्यायालयांनी १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन हेच बंधन राज्य सरकारे, नगरपालिका, पोलीस आणि सरकारी शाळा यांनाही लागू केले. खासगी कंपनी मात्र त्या कक्षेबाहेरच राहिली.

अभिव्यक्ती असो की खासगीपणा, अमेरिकेतल्या आजच्या बहुतेक वादांची गाठ इथेच बसलेली आहे. राज्यघटना आवर घालते सरकारला, आणि माणसाचे बोलणे, हिंडणे-फिरणे, खरेदी, दुखणीखुपणी यांची नोंद साठते ती कंपन्यांकडे.

आधी बोलण्याबद्दल. सरकारसमोर उभे असताना अमेरिकी नागरिकाला किती मोकळीक असते, याचा अंदाज भारतीय वाचकाला चटकन येत नाही. आपल्या राज्यघटनेतले कलम १९(२) सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान अशा कारणांसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा शासनाला स्पष्टपणे देते. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत अशी यादीच नाही. अपवाद आहेत, पण ते न्यायालयांनी एकेक करून आणि हात आखडता घेत मान्य केले आहेत. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग खटल्यात कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेच्या ओहायोतल्या एका पुढाऱ्याची शिक्षा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला की, तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याच्या हेतूने केलेली आणि ते घडण्याची खरोखर शक्यता असलेली चिथावणीच तेवढी दंडनीय ठरेल. खरीखुरी धमकी, अब्रुनुकसानी, मुलांचे लैंगिक चित्रण यांना संरक्षण नाही. परंतु निव्वळ द्वेषमूलक आहे म्हणून एखादे विधान गुन्हा ठरत नाही, आणि २०१७ च्या मटाल विरुद्ध टॅम या निकालात न्यायालयाने याच भूमिकेला पुन्हा दुजोरा दिला.

ही मोकळीक प्रत्यक्षात कशी दिसते, हे पाहायला पेनसिल्व्हेनियातल्या महानॉय भागातल्या एका सरकारी शाळेचे प्रकरण उत्तम आहे. २०१७ मध्ये नववीतल्या एका मुलीला शाळेच्या चिअरलीडिंगच्या मुख्य संघात जागा मिळाली नाही, दुय्यम संघात मिळाली. आठवड्याच्या सुट्टीत, शाळेपासून दूर एका दुकानात मैत्रिणीसोबत असताना तिने स्नॅपचॅटवर मधले बोट दाखवणारा फोटो टाकला आणि शाळा, चिअरलीडिंग, सगळ्यांना मिळून एक सणसणीत शिवी हासडली. स्नॅपचॅटवरची ती पोस्ट चोवीस तासांत नाहीशी होणारी होती, पण त्याआधीच कोणीतरी तिचा स्क्रीनशॉट काढला, तो प्रशिक्षकांपर्यंत गेला आणि मुलीला वर्षभरासाठी दुय्यम संघातूनही काढून टाकण्यात आले. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी मुलीच्या बाजूने निकाल दिला. विद्यार्थी शाळेबाहेर काय बोलतो यावरही शाळेने पहारा ठेवला, तर त्याला दिवसाच्या चोवीस तासांत मोकळे बोलायला जागाच उरणार नाही, हा त्यामागचा विचार होता. ती शाळा खासगी असती, तर पहिल्या घटनादुरुस्तीचा प्रश्नच उपस्थित झाला नसता, हे येथे विसरून चालणार नाही.

मग सरकारी माणूस खासगी मंचावर बोलू लागला तर? मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन शहराचे प्रशासक जेम्स फ्रीड आपल्या फेसबुक पानावर मुलीचे फोटो, धार्मिक वचने आणि शहराच्या कारभाराची माहिती असे सगळेच टाकत. कोरोनाकाळात त्यांच्या कामावर टीका करणाऱ्या एका रहिवाशाच्या टिप्पण्या त्यांनी पुसल्या आणि त्याला ब्लॉक केले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की, अधिकाऱ्याला शासनाच्या वतीने बोलण्याचा खरोखर अधिकार असेल आणि त्या विशिष्ट पोस्टमध्ये तो हा अधिकार वापरत असल्याचे दिसत असेल, तरच ते कृत्य सरकारचे मानायचे. म्हणजे एकाच पानावरची एक पोस्ट सरकारी आणि तिच्या खालची घरगुती असू शकते. नियम तर्कशुद्ध आहे; रोजच्या व्यवहारात तो लावणे सोपे असेल, असे मात्र मला वाटत नाही.

याच्या उलट प्रयोग टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांनी केला. मोठ्या समाजमाध्यमांनी कोणता मजकूर काढावा आणि कोणता ठेवावा, यावर बंधने घालणारे कायदे त्यांनी २०२१ मध्ये आणले. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ही प्रकरणे फेरविचारासाठी खालच्या न्यायालयांकडे परत पाठवली. परंतु वापरकर्त्यांच्या मजकुरातून निवड करून आपले पान मांडणे हीसुद्धा कंपनीची अभिव्यक्तीच आहे, असे बहुमताने लिहून ठेवले. त्यामुळे खाते बंद झालेला माणूस राज्यघटनेकडे धाव घेतो, तेव्हा तिथे कंपनी आधीच हक्कदार म्हणून बसलेली असते. त्यात १९९६ च्या कम्युनिकेशन्स डीसेन्सी कायद्याचे कलम २३० हे कवच वेगळेच: दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल ते मंचाला जबाबदार धरू देत नाही, आणि आक्षेपार्ह वाटणारा मजकूर मंचाने सद्भावनेने काढला तर त्याबद्दलही संरक्षण देते. सरकारने मात्र पडद्याआडून कंपन्यांचा हात पिरगाळून नावडता आवाज बंद करू नये, हे २०२४ च्याच व्हुलो प्रकरणात न्यायालयाने एकमुखाने सांगितले.

आता खासगीपणाकडे वळू. येथे विषय अधिक खोल आहे.

खासगीपणाचा हक्क असा काही अमेरिकी राज्यघटनेत नावानिशी लिहिलेला नाही. ऑनलाइन जगात जे काही संरक्षण मिळते, त्याचा मुख्य आधार चौथी घटनादुरुस्ती आहे. लोकांची शरीरे, घरे, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती किंवा जप्ती होणार नाही, आणि सबळ कारण दाखवल्याशिवाय, तसेच जागा व वस्तू यांचे नेमके वर्णन केल्याशिवाय वॉरंट निघणार नाही, असे ती म्हणते. ब्रिटिश अमलात जकात अधिकाऱ्यांच्या हाती सरसकट परवाने असत आणि तस्करीच्या संशयावरून ते कोणाच्याही घरात शिरत. त्या अनुभवाचा राग या कलमात उतरलेला आहे. पण कलम लिहिणाऱ्यांसमोर होते ते दार, पेटी आणि कागद.

तारेतून जाणाऱ्या आवाजाचे काय, हा प्रश्न १९२८ मध्ये आला. सिएटलमधल्या रॉय ओल्मस्टेड नावाच्या दारू तस्कराचे फोन सरकारने घरात न शिरता, बाहेरच्या तारांवरून ऐकले होते. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, अधिकारी आत शिरलेच नाहीत, तेव्हा ही झडती नव्हे. हा विचार चाळीसेक वर्षे टिकला. १९६७ मध्ये चार्ल्स कॅट्झ या जुगाऱ्याच्या खटल्यात तो मोडला. कॅट्झ लॉस एंजेलिसमधल्या सार्वजनिक टेलिफोन बूथमधून पैजा लावत असे आणि एफबीआयने त्या बूथच्या बाहेर ध्वनियंत्र बसवले होते. चौथी घटनादुरुस्ती माणसांचे रक्षण करते, जागांचे नव्हे, असे न्यायालयाने या वेळी म्हटले. न्यायमूर्ती हार्लन यांनी आपल्या सहमतीच्या मतात दिलेली कसोटी पुढे रूढ झाली: त्या माणसाला खासगीपणाची अपेक्षा होती का, आणि ती अपेक्षा समाज वाजवी मानतो का?

ऐकायला ही कसोटी उदार वाटते. पण दहा-बारा वर्षांतच तिच्यातून एक मोठी पळवाट निघाली. १९७६ च्या मिलर खटल्यात न्यायालयाने म्हटले की, बँकेतल्या नोंदी या बँकेच्या असतात आणि ग्राहकाने त्या आपणहून बँकेच्या हवाली केलेल्या असतात, त्यामुळे पोलिसांनी त्या वॉरंटशिवाय मागवल्या तरी ग्राहकाची झडती झाली असे होत नाही. १९७९ च्या स्मिथ विरुद्ध मेरीलँड खटल्यात हाच तर्क फोनला लावला गेला. बाल्टिमोरमध्ये लुटल्या गेलेल्या एका महिलेला निनावी फोन येत होते. पोलिसांच्या सांगण्यावरून फोन कंपनीने संशयिताच्या लाइनवर, तो कोणते क्रमांक फिरवतो हे टिपणारे यंत्र बसवले आणि त्या महिलेचा क्रमांक सापडला. क्रमांक फिरवणारा माणूस तो कंपनीला कळवतच असतो, मग त्याबाबत कसला आला खासगीपणा, असा न्यायालयाचा सवाल होता. त्रयस्थ पक्षाचा सिद्धान्त म्हणून ओळखली जाणारी गोष्ट ती हीच. तेव्हा त्रयस्थाकडे जात होते ते बँकेचे चेक आणि फिरवलेले क्रमांक. आज त्रयस्थाकडे काय जात नाही, असा प्रश्न विचारावा लागेल.

न्यायालयाला हे उमगायला एकविसावे शतक उजाडले. २०१२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या अँटॉइन जोन्स या नाइटक्लब चालकाच्या खटल्यात, जीपला जीपीएस यंत्र चिकटवून २८ दिवस पाठलाग करणे ही झडतीच आहे, असे ठरले. आणि न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी त्रयस्थ पक्षाचा सिद्धान्त डिजिटल युगाला शोभणारा नाही, अशी शंका उघडपणे नोंदवली. २०१४ च्या रायली खटल्यात, अटक केलेल्या माणसाच्या खिशातला मोबाइल उघडून पाहण्यापूर्वी वॉरंट घ्या, असे न्यायालयाने एकमताने बजावले.

त्यानंतरचा कार्पेंटर खटला मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. डेट्रॉइट भागात रेडिओ शॅक आणि टी-मोबाइल यांच्या दुकानांवर दरोडे पडत होते. २०११ मध्ये पकडलेल्या एकाने साथीदारांचे क्रमांक दिले, त्यांत टिमथी कार्पेंटर याचा क्रमांक होता. मोबाइल चालू असला की तो जवळच्या टॉवरशी सतत संपर्क ठेवतो आणि कंपनी त्याची नोंद करते. तुम्ही फोन केला नाही तरी निरोप येतात, अ‍ॅप आपोआप ताजे होते, नोंद पडतच राहते. सरकारने १९८६ च्या एका कायद्याखाली, वॉरंटला लागते त्यापेक्षा कमी कारण दाखवून, या नोंदी मिळवल्या. एकूण १२७ दिवसांच्या, १२,८९८ स्थाननोंदी. दिवसाला सरासरी १०१. त्यांचे नकाशे खटल्यात मांडले गेले आणि कार्पेंटर चार दरोड्यांच्या वेळी त्या-त्या दुकानांच्या परिसरात होता, असे दाखवण्यात आले. मोबाइलची दुकाने लुटणारा मोबाइलमुळेच अडकला, आणि त्याला शंभराहून अधिक वर्षांची शिक्षा झाली.

२२ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, अशा नोंदी मिळवणे ही झडती आहे आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे वॉरंट लागेल. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या युक्तिवादातला गाभा असा होता की, मोबाइल बाळगल्याशिवाय आजच्या समाजात वावरता येत नाही, त्यामुळे टॉवरला कळलेली जागा माणसाने ‘आपणहून’ सांगितली असे म्हणणे खरे नाही. शिवाय अशा नोंदींतून भूतकाळात मागे जाऊन कोणाचाही माग काढता येतो. निकाल मोठा होता, पण त्याच्या कडा जपून कापलेल्या होत्या. मिलर आणि स्मिथ हे जुने निकाल रद्द झाले नाहीत. सात दिवसांच्या नोंदींना वॉरंट लागेल असे न्यायालय म्हणाले, त्याहून कमी काळाचे काय हे मोकळे सोडले; तातडीच्या प्रसंगांचा अपवाद ठेवला. आणि खुद्द कार्पेंटरला काय मिळाले? पुढे अपील न्यायालयाने सांगितले की, त्या वेळच्या कायद्यावर विसंबून पोलिसांनी सद्भावनेने काम केले होते, सबब पुरावा ग्राह्य. तो दोषी असल्याचा निर्णय कायम राहिला.

ज्या प्रश्नांना कार्पेंटरने हात लावला नाही, तिथे आता ओढाताण चालू आहे. गुन्ह्याच्या जागेभोवती नकाशावर कुंपण आखून, त्या वेळी आत असलेल्या सगळ्या फोनांची माहिती गुगलकडे मागायची, अशी वॉरंट पोलीस घेऊ लागले. यात संशयित आधी ठरत नाही. आधी सगळे गोळा होतात आणि मग चाळणी लागते. २०२४ मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, ही तर वसाहतकाळातल्या सरसकट परवान्यांचीच नवी आवृत्ती आहे, असे म्हणून ती घटनाबाह्य ठरवली; त्याच वर्षी चौथ्या विभागातल्या खंडपीठाने नेमके उलटे मत दिले. दरम्यान गुगलने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की, हा स्थान-इतिहास यापुढे कंपनीच्या सर्व्हरऐवजी वापरकर्त्याच्या फोनवरच राहील. लाखो लोकांचा हक्क एका कंपनीच्या साठवणुकीच्या धोरणावर हलावा, ही गोष्ट मला निकालांइतकीच बोलकी वाटते.

वॉरंटचा हा सगळा खल बाजूला ठेवून सरकारला आणखी एक रस्ता मोकळा आहे: विकत घेणे. हवामान सांगणारे किंवा सवलतीची कूपने देणारे एखादे साधे अ‍ॅप स्थान वापरण्याची परवानगी घेते आणि ते स्थान फोनच्या जाहिरात-क्रमांकासह, म्हणजे जाहिरातदार ज्यावरून फोन ओळखतात त्या क्रमांकासह, अशी माहिती गोळा करून विकणाऱ्या डेटा दलालांकडे पोचते. त्यात नाव नसते, हे खरे. पण जो फोन रोज रात्री एका ठिकाणी आणि दिवसा दुसऱ्या ठिकाणी असतो, त्याच्या मालकाचे नाव शोधायला ती दोन ठिकाणे सहसा पुरतात. अमेरिकी गुप्तचर यंत्रणा असा बाजारातला डेटा मोठ्या प्रमाणावर खरेदी करतात, हे राष्ट्रीय गुप्तचर संचालकांच्या कार्यालयाने जून २०२३ मध्ये खुल्या केलेल्या अहवालातच मान्य केले आहे. जी माहिती मागायला वॉरंट लागते ती पैसे मोजून घ्यायला लागू नये, हा विरोधाभास दूर करणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने १७ एप्रिल २०२४ रोजी २१९ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडकले.

दलालांनाच आवरणारा कायदा का नाही, असे कोणी विचारेल. अमेरिकेत खासगीपणाचा सर्वसमावेशक संघीय कायदा नाही. आहेत ती ठिगळे. वैद्यकीय माहितीसाठी १९९६ चा कायदा, तेरा वर्षांखालील मुलांसाठी १९९८ चा. सर्वांत गमतीचा १९८८ चा. आदल्या वर्षी न्यायमूर्तिपदासाठी नाव पुढे आलेल्या रॉबर्ट बोर्क यांनी कोणत्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने नेल्या, त्याची यादी वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने छापली, आणि आपल्या याद्याही उद्या छापल्या जातील या धास्तीने म्हणा किंवा तत्त्वनिष्ठेने म्हणा, संसदेने कॅसेटच्या नोंदी चटकन गुप्त केल्या. राज्यांपैकी कॅलिफोर्नियाचा २०२० पासून लागू असलेला कायदा बराच पुढचा आहे: कंपनीकडे आपली कोणती माहिती आहे हे विचारण्याचा, ती पुसायला लावण्याचा आणि विक्रीला नकार देण्याचा हक्क तो देतो.

असे कायदे करताना मात्र एक विचित्र अडथळा येतो, आणि तो पहिल्या घटनादुरुस्तीचाच आहे. कोणता डॉक्टर कोणते औषध लिहितो याच्या नोंदी औषध दुकाने विकत, आणि त्या वाचून औषध कंपन्यांचे एमआर डॉक्टरांना गाठत. व्हर्मांट राज्याने याला पायबंद घातला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला: माहिती तयार करणे आणि देणे हीही अभिव्यक्ती आहे, आणि विशिष्ट बोलणाऱ्यांनाच तिच्या वापरापासून रोखणे घटनेत बसत नाही. एकाचा खासगीपणा राखायचा तर दुसऱ्याला बोलण्यापासून अडवावे लागते, हा पेच तेव्हापासून प्रत्येक नव्या विधेयकामागे उभा असतो. टिकटॉकच्या प्रकरणात मात्र, जानेवारी २०२५ मध्ये, नागरिकांचा डेटा परकी सत्तेच्या हाती जाण्याची भीती न्यायालयाला एकमताने पुरेशी वाटली. देशी दलालांच्या बाबतीत ती भीती संसदेला अजून तितकीशी वाटलेली नाही.

हे हक्क ज्यांच्यासाठी नाहीत, त्यांत आपण येतो. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परकीयाच्या अमेरिकेबाहेरच्याच मालमत्तेला चौथी घटनादुरुस्ती लागू नाही, असे १९९० च्या व्हर्डुगो-उर्किडेझ निकालाने ठरवले. परकीयांवर पाळत ठेवण्याचे नियमन करणाऱ्या फायसा कायद्यात २००८ मध्ये आणलेले कलम ७०२ याच पायावर उभे आहे: परदेशातल्या परकीयांचा पत्रव्यवहार परराष्ट्रविषयक गुप्तवार्तेसाठी अमेरिकी कंपन्यांकडून मिळवताना प्रत्येकासाठी वेगळे वॉरंट लागत नाही. पुण्यातल्या कोणावर असे लक्ष ठेवले गेले, तर न्यू जर्सीतल्या बहिणीने त्याला लिहिलेल्या ईमेलही जाळ्यात येतात, मग ती अमेरिकी नागरिक का असेना. तिच्या नावाने त्या साठ्यात शोध घेण्याआधी वॉरंट सक्तीचे करावे, ही दुरुस्ती एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात २१२ विरुद्ध २१२ अशा समसमान मतांनी पडली.

व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याची स्थिती याहून नाजूक आहे. २०१९ पासून अर्जात गेल्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांच्या खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले आणि डिसेंबर २०२५ पासून नोकरीसाठीच्या एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या एच-४ व्हिसाच्या अर्जदारांनाही हीच पडताळणी लागू झाली. मुंबईच्या वकिलातीत व्हिसा नाकारला गेला, तर त्याविरुद्ध अमेरिकी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे. एकदा कायदेशीरपणे देशात असलेल्या परकीयाला मात्र भाषणस्वातंत्र्य आहे, असे १९४५ पासूनचे निकाल सांगतात, आणि २०२५ मध्ये पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाल्यावर बोस्टनच्या संघीय न्यायालयाने तेच पुन्हा सांगितले.

विमानतळ या दोन्हींच्या मधे येतो. सीमेवर वॉरंटशिवाय झडती घेण्याचा अधिकार सरकारला पूर्वीपासून आहे आणि त्यात फोनही येतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिथल्या सीमा यंत्रणेने सुमारे ४७ हजार उपकरणे तपासली, जी एकूण प्रवाशांच्या मानाने फार थोडी होती. २०१८ च्या अंतर्गत नियमांनुसार अधिकाऱ्याने फोनचे नेटवर्क तोडून, फोनमध्ये असलेली माहितीच पाहायची असते. क्लाउडवर ठेवलेली नाही. पासवर्ड देण्यास नकार देणाऱ्या नागरिकाचा फोन ठेवून घेतला जाऊ शकतो, परंतु त्याला देशात प्रवेश नाकारता येत नाही. व्हिसावर आलेल्या प्रवाशाचा फोनही ठेवून घेता येतो, आणि त्याला परतही पाठवता येते.